दगडफूल निवडता निवडता: उत्तरेकडे गेलं की हे वाढतं म्हणतात, खरं का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. यंदाचा काळा मसाला परवा एकदाचा डब्यात गेला. तीन घरांचा मिळून घालतो, आणि दगडफूल निवडायचं काम गेली तीस वर्षं माझ्याकडेच आहे. यावेळी पाव किलो आणलं, तर त्यात निम्मा कचरा. साली, काटक्या, माती. दुकानाचं नाव घेत नाही, पण पुढच्या वर्षी त्या पायरीवर पाय नाही.

तर मुद्दा असा. निवडताना एक मोठा तुकडा सालीसकट हाती आला. वरून राखाडी-हिरवट, खालून काळाकुळकुळीत, आणि कडेला पापणीसारखे बारीक काळे केस. नातू शेजारी बसला होता. म्हणाला, "आजी, हे दगडावरचंही नाही आणि फूलही नाही." गप्प बसले. काय सांगणार!

दुकानदार म्हणतो माल उत्तराखंडातून येतो. नातवाने मोबाईलवर बघून सांगितलं की त्याहून उत्तरेला, पार बर्फाच्या देशांत, याच प्रकारचं लायकेन मैलोन्‌मैल पसरलेलं असतं. आता मला सांगा, आपल्याकडे ऊन आहे, पाऊस आहे, माती आहे. तरी आपल्या मसाल्यातलं दगडफूल हिमालयातून यावं, आणि जिथे काहीच उगवत नाही तिथे हे रान माजावं, हे कसं?

टवाळ

काकू, आधी मसाल्याचा वाटा पाठवा, मग उत्तर. (हलके घ्या.)

खोडसाळ

काकू, नातवाला माझ्याकडून शाबासकी. दोन्ही गोष्टी बरोबर ओळखल्या त्याने. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला, पण 'हे फूल नाही' हे पहिल्या तासाला स्वतःहून सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटला.

मराठीत लायकेनला शैवाक म्हणतात. ही एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मांडलेला संसार आहे. घर बुरशीचं, चूल शैवालाची. शैवाल उन्हावर साखर बनवतं, बुरशी त्याला आडोसा आणि ओल देते. १८६०च्या दशकात सायमन श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा ठामपणे मांडलं, तेव्हा त्या काळच्या बड्या शैवाकतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं होतं. २०१६ मध्ये तर टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की काही शैवाकांच्या वरच्या थरात यीस्ट हा तिसराही बिऱ्हाडकरू असतो.

आता तुमचा प्रश्न. याला मुळं नाहीत. पाणी हवेतून, धुक्यातून, दवातून घ्यायचं. पाणी संपलं की कडकडीत वाळून पडून राहायचं, ओल आली की काही मिनिटांत पुन्हा कामाला लागायचं. शून्याखाली दहा-पंधरा अंशांतही काही जाती थोडीफार साखर बनवत राहतात. पण वाढ इतकी सावकाश की गवताच्या एका पात्याशीसुद्धा स्पर्धा जमत नाही. त्यामुळे पंगत उठून गेली की हे जेवायला बसतं. नाशिकच्या मातीत पंगत कधी उठतच नाही. पाऊस पडला की आठ दिवसांत गवत, महिन्याभरात तेरडा. उत्तरेला झाडं संपतात, झुडपं संपतात, आणि उरलेली सगळी जागा याची.

आकडा सांगतो. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटं आहेत. तिथे मूळच्या फुलझाडांच्या आणि नेच्यांच्या जाती पावणेदोनशेच्या आसपास, आणि शैवाकांच्या सातशेच्या वर. अंटार्क्टिकात तर फुलणाऱ्या वनस्पती फक्त दोन, आणि शैवाक शेकड्यांनी.

गोदाकाठची

'पंगत उठल्यावर जेवणारं' हे वाचून हसू आलं. आमच्याकडे लग्नात शेवटच्या पंगतीला आम्हा बायकाच असायच्या.

ध्रुवतारा

मूळचा नाशिकरोडचा. सहा वर्षं झाली, फिनलंडमध्ये औलूला आहे. ६५ अंश उत्तर. धागा बघून राहवलं नाही.

इथे पाईनच्या जंगलात गेलात तर जमीन पांढरी दिसते. पहिल्या वर्षी मे महिन्यात मला वाटलं बर्फ राहिलाय. जवळ गेलो तर जमिनीवर कुरडया वाळत घातल्यासारखे गोल गोल पुंजके, एकाला एक खेटून. खरंच कुरडई! तेच फिकट पिवळसर पांढरं, तीच गुंतागुंत, आणि कोरड्या दिवसात पाय पडला की तसाच चुरा. पाऊस पडल्यावर त्याच कुरडया स्पंजासारख्या मऊ होतात. ही क्लॅडोनिया स्टेलारिस. तिची थोरली बहीण क्लॅडोनिया रँजिफेरिना, जरा करडी, तिच्या नावातच रेनडिअर आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनेयसने १७३२ मध्ये लॅपलँडची वारी केली होती, आणि १७५३ मध्ये तिला हे नाव देऊन टाकलं.

रेनडिअर हिवाळ्यात बर्फ खुराने उकरून हेच खातात. वाढ वर्षाला तीन ते पाच मिलिमीटर. म्हणजे बोटाएवढी कुरडई म्हणजे वीस-एक वर्षांची पुंजी.

औलूच्या समोर समुद्रात हाइलुओतो नावाचं बेट आहे. तिथून ही कुरडई पेट्या भरभरून जर्मनीला जायची, पुष्पचक्रं सजवायला. आणि खेळण्यातल्या रेल्वेच्या देखाव्यात जी झुडपं असतात ना, तीही हीच, हिरवी रंगवलेली. इथे रानातली बोरं आणि अळंबी कोणीही तोडावी, पण याकाला (फिनिशमध्ये लायकेन) काढायचं तर जमीनमालकाची परवानगी लागते. मला हे माहीत नव्हतं. ऑफिसात टेबलावर ठेवायला ओंजळभर आणली होती, एका सहकाऱ्याने इतक्या शांतपणे सांगितलं की शरमेने परत जाऊन ठेवून आलो.

टवाळ

परत ठेवून आला? भो, नाशिकरोडचं नाव घालवलंस.

सह्यभटक्या

वाचतोय. दोन वर्षांपूर्वी मुनस्यारीहून मिलम हिमनदीच्या वाटेने गेलो होतो, त्याची आठवण झाली. मुनस्यारीत उत्तराखंड वनखात्याने २०२० मध्ये लायकेन पार्क केलंय, देशातलं पहिलं. आमच्या ग्रुपातले दोघे 'बुरशी बघायला कोण येणार' म्हणून चहाच्या टपरीवर बसले. मी गेलो. गेलो ते बरं झालं, कारण तिथे कळलं की मी आठवडाभर ज्या झाडांखालून चालत होतो त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या दाढ्या म्हणजे शैवाकच. तिकडचे लोक झूला म्हणतात. बांज, बुरांश, सगळ्यांवर. काकू, तुमचं दगडफूल म्हणजे याच झाडांवरच्या पसरट भावंडांचा मिसळून गोळा केलेला माल. हिंदीत छडीला नाहीतर पत्थरफूल.

पण मला विचारायचंय वेगळंच. झाडं संपल्यावर वर गवताळ बुग्यालात जमिनीवर पांढऱ्या शेवया पडलेल्या दिसल्या. आतून पोकळ, टोकाला निमुळत्या, जमिनीला धड चिकटलेल्याही नाहीत. आधी वाटलं कोणीतरी ट्रेकर डबा सांडून गेलाय. फोटो डकवतोय. काय आहे?

खोडसाळ

भटक्या, जबरदस्त सापडलंय! फोटोवरून थॅम्नोलिया व्हर्मिक्युलॅरिसच दिसतेय. या धाग्याचा सगळा जीव या शेवयांत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ही शेवई अलास्कात आहे, सैबेरियात आहे, ग्रीनलंडमध्ये आहे, नॉर्वेच्या डोंगरमाथ्यांवर आहे. मग मध्ये हजारो किलोमीटर काही नाही, आणि एकदम आल्प्सवर, एकदम हिमालयात वृक्षरेषेच्या वर, थेट अँडीजमध्येही. ध्रुवाकडे समुद्रसपाटीवर, आपल्याकडे ढगांच्या वर. शैवाकांसाठी उत्तर ही नुसती दिशा नाही, उंचीसुद्धा आहे. हजार मीटर चढलात की साधारण सहा अंशांनी थंडी वाढते. नाशिक सहाशे मीटरवर, मुनस्यारी बावीसशेच्या आसपास. म्हणजे तिथे चढताना तुम्ही दहा अंशांच्या थंडीइतके 'उत्तरेला' गेलात, आणि बुग्यालात पोचलात तेव्हा ध्रुवतारा यांच्याही पुढे.

गंमत अशी की या शेवईला बीजाणू तयार करताना कोणी नीटसं पाहिलेलं नाही. मोडायचं, वाऱ्याने तुकडा उडायचा, पडेल तिथे वाढायचं. एवढ्या भांडवलावर तिने अर्धं जग व्यापलं. हिमयुगात थंड प्रदेश खाली सरकले होते, तेव्हा या डोंगरांमधली अंतरं कमी होती. पुढे ऊब वाढली, मधली वस्ती मिटली, माथ्यावरची राहिली.

उत्तरेकडचं हेच वैशिष्ट्य. जाती तिथे गोल फिरतात. नॉर्वेत जे दिसतं त्यातलं पुष्कळसं कॅनडातही दिसतं, कारण ध्रुवाभोवतीचा पट्टा एकच. २०१० मध्ये संपूर्ण आर्क्टिकची यादी झाली त्यात सुमारे १,७५० शैवाकं होती, आणि त्यांतली बरीचशी दोन-तीन खंडांना सामाईक.

निळी_छत्री

मग सगळीकडे तेच ते असेल तर विविधता कसली? आणि सर, तुमच्या पंगतीच्या हिशोबाने उष्ण प्रदेशात शैवाकं नसायलाच हवीत. पण आमच्या अंगणातल्या आंब्याच्या खोडावर पांढरे-करडे चट्टे आहेत, तेही हेच ना?

खोडसाळ

निळी छत्री, बरोबर पकडलंत. पंगतीची उपमा मला आवडली म्हणून जरा ताणली गेली. दुरुस्ती करतो.

जगात शैवाकांच्या वीसेक हजार जाती धरतात, भारतात तीन हजारांच्या आसपास. जातींच्या मोजणीत उष्ण कटिबंध अजिबात मागे नाही. फरक बिऱ्हाडाच्या तऱ्हेत आहे. आपल्याकडे ती सालीला लेपासारखी चिकटून असतात, म्हणून चट्टा वाटतात. उत्तरेला तीच जमात झुडुपासारखी उभी राहते, दाढीसारखी लोंबते, जमीन झाकते. नजरेत भरण्यात उत्तर पुढे, बारकाव्यात आपण.

भिंग घेऊन घाटमाथ्यावरच्या एखाद्या गुळगुळीत सालीच्या झाडापाशी उभ्या राहा. पांढऱ्या लेपावर काळ्या बारीक रेघा, वळणं, फाटे. कोणीतरी मोडीत हिशेब लिहून ठेवलाय असं वाटतं. त्या गटाचं नावच ग्राफिस, म्हणजे लेखणी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन, मखिजा मंडळींनी या 'मोडी' वाचण्यात वर्षं घालवली आणि कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. लखनौला अवस्थींनी शैवाकांच्या अभ्यासाचं जे उभं केलं त्याच्या तोडीचं हे काम, पण महाराष्ट्रात कोणाला ठाऊक? असो.

सखल उष्ण भागात मोठी पसरट शैवाकं का कमी, याचं एक पटण्याजोगं कारण म्हणजे रात्र. दिवसा साखर कमवायची, रात्री श्वासात थोडी जाळायची. थंड रात्री खर्च कमी. आपल्या पावसाळ्यात रात्रीही उबदार आणि ओली, म्हणजे दुकान बंद पण मीटर चालू. कमाईपेक्षा खर्च जास्त. म्हणून काकू, तुमच्या पोत्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद आपल्या घाटमाथ्यावर आहेत, निलगिरी-कोडाईकडे तर भरपूर, पण नाशिकच्या बाजाराला पुरेल एवढं इथे पिकत नाही.

आणि उत्तरेतही सगळं एकसारखं नाही. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर धो धो पाऊस, तिथल्या जुन्या झाडांवर फुप्फुसासारखी दिसणारी लोबारिया. आतल्या कोरड्या भागात जमिनीवर कुरडया. आणखी वर नागड्या खडकाला चिकटलेले लेप. समुद्रपक्षी जिथे बसतात त्या खडकांवर भगवा-केशरी रंग, कारण विष्ठेतला नायट्रोजन झँथोरिया नावाच्या शैवाकाला मानवतो. जागा बदलली की पान बदलतं.

ध्रुवतारा

सर, 'मीटर चालू' भारी!

एक भर घालतो. फिनलंड-नॉर्वे सीमेवर रेनडिअरसाठी कुंपण आहे. उपग्रहातून घेतलेल्या चित्रात ही सीमा दिसते म्हणे, हे ऐकलं तेव्हा मी थाप समजलो होतो. पण खरंच दिसते. नॉर्वेची बाजू फिकी पांढरट, आमची बाजू गडद. तिकडे कळप तिथे फक्त हिवाळ्यात येतात. तेव्हा कुरडया बर्फाखाली असतात, खाऊन खाऊन किती खातील? इकडे उन्हाळ्यातही गुरं तिथेच. वाळलेल्या कुरडईवर खूर पडला की संपलं. खाण्यापेक्षा तुडवण्याने जास्त गेलं.

आणि चेर्नोबिल. १९८६ मध्ये तिथला किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर स्वीडन-नॉर्वेवर पडला. गवत दरवर्षी नवं येतं. याकाला मात्र जे पडेल ते अंगावर घेऊन वर्षानुवर्षं बसून राहतं. ते रेनडिअरने खाल्लं, त्याच्या मांसात उतरलं, आणि रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या सामी लोकांना हजारो जनावरांचं मांस फेकून द्यावं लागलं. आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या सामी बाईने सांगितलं, "विष दिसत नव्हतं, कळप नेहमीसारखाच होता." एवढंच बोलली आणि कॉफी ओतायला उठली.

गोदाकाठची

वाचून पोटात गलबललं. आपल्या दगडफुलात पण असं काही उतरत असेल का हो? मी तर धुतही नाही, वास जातो म्हणून.

खोडसाळ

हवेतलं शोषून ठेवायची सवय सगळ्याच शैवाकांना आहे, म्हणून रस्त्याकडेच्या झाडावरचं काढून कधी वापरू नका. मसाल्यात आपण वापरतो ते चिमूटभर, तेही भाजून. चांगलं निवडून, झटकून घ्या, बस. आणि जंगलात दिसलं म्हणून तोंडात टाकू नका. लेथारिया नावाच्या पिवळ्याधमक शैवाकाने स्कँडिनेव्हियात लांडगे मारायचे.

टवाळ

सर, चेष्टा नाही, मनापासून विचारतोय. मी सिडकोत राहतो. आमच्या गल्लीतल्या झाडांवर एक चट्टा नाही. गंगापूर धरणाकडे गेलो तर खोडं भरलेली. याचा हवेशी संबंध?

खोडसाळ

टवाळांचा पहिला सरळ प्रश्न, नोंद घ्यावी.

संबंध असू शकतो. १८६६ मध्ये नायलँडर या फिनिश माणसाने पॅरिसमध्ये हेच पाहिलं होतं. लक्झेंबर्ग बागेत शैवाकं आहेत, आसपासच्या शहरात नाहीत. कोळशाच्या धुरातलं सल्फर त्यांना सोसत नाही. हाच नायलँडर श्वेन्डेनरच्या संसाराच्या कल्पनेवर आयुष्यभर तुटून पडत होता. हवेबाबत बरोबर, संसाराबाबत साफ चूक.

पण घाईने निष्कर्ष काढू नका. तुमच्या गल्लीतली झाडं कोवळी असतील, साल सुटत असेल, खोडाला चुना-गेरू फासला असेल, तरी चट्टा येत नाही. एकाच जातीची, एकाच घेराची दहा झाडं इकडची आणि दहा तिकडची बघा, मग बोलू.

सह्यभटक्या

चुना-गेरूवरून आठवलं. तालुक्यातल्या एका जुन्या देवळाच्या दगडावरचे 'डाग' गेल्या वर्षी उत्साही मंडळींनी तारेच्या ब्रशने घासून काढले. देऊळ चकाचक, आणि कोरीव पट्टीवर ब्रशचे ओरखडे. गाव सांगत नाही, उगाच भांडणं.

खोडसाळ

हाय रे दैवा. शैवाक दगडात अगदी बारीक शिरतं, थोडी झीज करतं हे खरं. पण तारेच्या ब्रशने एका दुपारी जे होतं ते करायला त्याला शतकं लागली असती. काढायचंच तर पुरातत्त्ववाल्यांना विचारून.

आणि त्या डागांत घड्याळ असतं. १९५०च्या सुमारास रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने रायझोकार्पॉन जिओग्राफिकमच्या चकत्या मोजून हिमनद्या कधी मागे हटल्या ते काढायची रीत बसवली. पिवळट-हिरवी, काळ्या किनारीची, भिंतीवरच्या नकाशासारखी चकती. वर्षाला मिलिमीटरही वाढत नाही. बर्फ सरकला, खडक उघडा पडला, त्यावर पहिली चकती बसली की काळ सुरू. अंतराळात नेऊन थेट निर्वातात आणि उन्हात उघडी ठेवली, तरी परत आल्यावर जिवंत होती.

गोदाकाठची

सर, हे वाचून काल एक उद्योग केला. सासरच्या मळ्यात जुनी दगडी विहीर आहे. तिच्या थारोळ्याच्या दगडावर 'शके १८४४' कोरलंय, म्हणजे १९२२. त्या दगडावर करड्या गोल चकत्या आहेत, आम्ही त्यावर धुणं वाळत घालायचो. नातवाची पट्टी घेऊन गेले. सगळ्यात मोठी चकती भरली एकसष्ट मिलिमीटर. शंभर वर्षांत एकसष्ट, म्हणजे वर्षाला साधारण सहा दशांश. बरोबर आलं का गणित?

खोडसाळ

काकू, गणित बरोबर, पण एका दगडावर भागत नाही. चकती विहीर बांधल्या दिवशीच बसली असेल कशावरून? शिवाय तुमची जात नकाशावाली नव्हे. ती थंडीतली, इथे काळ्या पाषाणावर चैत्राच्या उन्हात दुसरंच कोणीतरी आहे. साल कोरलेले दहा-वीस दगड हवेत. तीच जात, तसाच कातळ, तशीच दिशा, आणि प्रत्येकावरची सर्वांत मोठी चकती. दगड कोणत्या बाजूला तोंड करून आहे?

गोदाकाठची

पूर्वेला. सकाळचं ऊन येतं, दुपारी चिंचेची सावली.

निळी_छत्री

आमच्या सिन्नरकडच्या गावी शाळेच्या कोनशिलेवर १९३८ आहे. तोंड पूर्वेलाच. आणि बारवेवर शके आहे, पण अर्धं पुसलंय. रविवारी जाते आहे, पट्टी घेऊन जाऊ का?

खोडसाळ

पट्टी, भिंग, आणि शेजारी नाणं ठेवून फोटो. खरवडू नका.

टवाळ

रविवारी मीही मोकळा आहे. सिडकोची दहा झाडं मी घेतो. पण भिंग कुठे मिळतं भो?

गोदाकाठची

रविवार कारंज्यापाशी स्टेशनरीच्या दुकानात विचारा. आणि जाताना माझ्याकडून मसाल्याची पुडी न्या. ध्रुवतारा, तुझी आई नाशिकरोडलाच असते ना? तिच्याकडे पण एक देऊन ठेवते, येशील तेव्हा घेऊन जा.